शरीरठेवण सुधारणारं हातांचं काम: दाब, दिशा, वेळ आणि जिथे हात लावायचा नाही त्या जागा

ओळंबा

स्ट्रक्चरल इंटिग्रेशन, मायोफॅशियल रिलीज, अलेक्झांडर तंत्र, फेल्डनक्राइस (सावकाश हालचालींतून शिकवणारी पद्धत)... या सगळ्यांवर सुटे सुटे प्रतिसाद बऱ्याच धाग्यांत विखुरलेत. एका जागी यावेत म्हणून हा धागा. तेल लावून अंग रगडणं हा इथला विषय नाही. ठेवण आणि हालचाल बदलावी म्हणून हातांनी जे करतात तेवढ्यापुरतं बोलू. करणाऱ्यांनी तपशिलात लिहा, "खूप छान वाटतं" एवढ्याने भागणार नाही.

सुरुवात तपासणीपासून करतो, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

माणसाला "सरळ उभे राहा" म्हणायचं नाही. म्हटलं की तो छाती पुढे काढतो, गुडघे मागे ताणतो आणि बघायचं होतं तेच नाहीसं होतं. आधी खोलीत चार फेऱ्या मारायला लावा, मग "थांबा" म्हणा. जिथे थांबला तीच त्याची ठेवण. बाजूने बघताना ओळंब्याची दोरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या किंचित पुढे धरायची. तिथून वर ती गुडघ्याच्या मध्याच्या जरा पुढून, खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावरून, खांद्याच्या मध्यातून कानाच्या पाळीपर्यंत जावी असा ढोबळ नमुना आहे. बरेच जण दोरी कानापासून सोडतात. ते चूक. जमिनीला टेकलेले असतात ते पाय, म्हणून मोजणीचा स्थिर बिंदू खालीच हवा. कानापासून सोडली तर पुढे गेलेली मान दिसतच नाही, सगळं धडच मागे गेल्यासारखं वाटतं.

कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं ठेवून "डावी बाजू खाली आहे" असं जाहीर करण्याची घाई नको. एकाच माणसाची श्रोणी (कमरेखालचा हाडांचा कटोरा) दोन अनुभवी लोकांनी चाचपली तरी उत्तरं अनेकदा जुळत नाहीत. काही मिलिमीटरच्या फरकावर उपचार ठरवायचे म्हणजे स्वतःच्या बोटांवर जरा जास्तच विश्वास.

त्यापेक्षा एक हालचाल निवडा: मान दोन्हीकडे वळवणं, हात कानाशी नेणं, खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं. काम करण्याआधी आणि नंतर तीच बघायची. बदल दिसला नाही तर त्या जागी पुन्हा तेच करत बसायचं नाही.

कोपरखळी

धागा काढलात ते बरं झालं. मी हात कसा ठेवायचा त्यावर लिहिते.

दाब देण्याचा क्रम: टेकणं, बुडणं, थांबणं, मग सरकणं. नवशिके तिसरी पायरी गाळतात. हात टेकवला की आधी फक्त स्पर्श. मग शरीराचा भार हळूहळू सोडायचा, त्वचेखालचा थर विरोध करू लागेपर्यंत. तिथे थांबायचं. काही श्वासांनंतर तो विरोध थोडा ढिला पडतो, तेव्हा दिशा द्यायची. दिशा सरळ खाली नाही, तिरकी. त्वचेशी साधारण ३० ते ४५ अंश. काटकोनात दाबलं तर ऊती हाडावर चेपली जाते, दुखतं, आणि हाती काही लागत नाही.

वेग: दहा सेंटिमीटर अंतराला एक ते दोन मिनिटं सहज लागू शकतात. हात घसरत असेल तर तेल किंवा क्रीम जास्त झालंय. या कामाला जवळजवळ कोरडा हात लागतो, फार तर चिमूटभर मेण.

दाबाचं माप माणसाच्या चेहऱ्यावर नाही, श्वासावर घ्यायचं. दुखण्याच्या शून्य ते दहाच्या पट्टीवर सहाच्या वर जायचं नाही, आणि त्याने "चार" म्हटलं तरी श्वास अडला असेल, पायाची बोटं आवळली असतील, भुवई चढली असेल तर ते चार नव्हे. बरेच लोक सोसण्यात पटाईत असतात. त्यांचं शरीर तुमच्या हाताविरुद्ध स्नायू आवळत असेल तर तुम्ही ठेवण बिघडवायला मदत करताय.

कुठला भाग वापरायचा: रुंद जागांना हाताचा कोपराजवळचा भाग, मध्यम जागांना बोटांचे मागचे पेर, अरुंद जागांना एकमेकांना टेकवलेली बोटं. अंगठा सर्वांत शेवटी आणि कमीत कमी. अंगठ्याच्या मुळाचा सांधा या धंद्यात सगळ्यात आधी जातो. टेबलाची उंचीही महत्त्वाची: उभं राहून हात खाली सोडले की मुठी टेबलाला टेकाव्यात, किंवा टेबल त्याहून थोडं खालीच असावं. उंच टेबलावर भार सोडता येत नाही, मग खांद्याने ढकलावं लागतं.

शंकासुर

माहिती उत्तम. पण मूळ दावाच तपासू या. हातांनी फॅशिया (स्नायूंना वेढणारं जोडऊतीचं आवरण) ताणली जाते, "चिकटलेलं सुटतं" असं सर्रास सांगितलं जातं. २००८ मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या गणिती प्रतिमानात मांडीच्या बाहेरची फॅशिया आणि तळव्याची फॅशिया १ टक्का चेपायला किंवा सरकवायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं बल लागतं असं निघालं. मग दोन मिनिटांत "सुटतं" ते काय?

पाठपुरावा

शंका रास्त आहे, आणि जाणकारांपैकी बऱ्याच जणांनी ती केव्हाच मान्य केली आहे. त्याच प्रतिमानात नाकाच्या मऊ फॅशियाचा आकार मात्र बदलू शकतो असं दिसलं, म्हणजे सगळ्या फॅशियाला एकच नियम नाही. पण मांडीच्या जाड पट्टीबाबत तुमचं म्हणणं खरं. ती दाबून लांब होत नाही.

रॉबर्ट श्लाइप यांनी २००३ मध्ये मांडलेला खुलासा जास्त पटतो: फॅशियात आणि सांध्यांच्या आवरणात भरपूर संवेदनाग्राही असतात. त्यातले रुफिनी प्रकारचे ग्राही हळू, तिरक्या ताणाला प्रतिसाद देतात. त्यावरून मज्जासंस्था त्या भागातल्या स्नायूंचा ताण कमी करते, आणि हाताला "विरघळलं" असं वाटतं ते हे. ही सिद्धता नव्हे, पण कामाला येणारा खुलासा आहे.

यातून व्यवहारात तीन गोष्टी निघतात. जोर वाढवून फायदा वाढत नाही. वेग कमी केला तर वाढतो. आणि माणूस नुसता पडून राहण्यापेक्षा हाताखाली स्वतः हळू हालचाल करत असेल तर परिणाम जास्त टिकतो, कारण मेंदूला नवी हालचाल लगेच वापरून बघता येते.

"विषारी द्रव्यं बाहेर पडतात, म्हणून चार ग्लास पाणी प्या" हे मात्र सोडून द्या. तहान लागली तर पाणी प्यावं, एवढंच.

कोपरखळी

+१. माणसाच्या हालचालीशिवाय हे काम अर्धंच. दोन उदाहरणं देते, दोन्हींत चूक कुठे होते तेही.

घोटा: माणूस पाठीवर, टाचा टेबलाच्या काठाबाहेर. आधी मोजमाप. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती दूर राहतो ते बघायचं. दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. दोन पायांत ठळक फरक असेल तर तो टिपून ठेवा. मग नडगीच्या पुढच्या बाजूला, घोट्याच्या जरा वर, जिथे स्नायुबंधांना पट्ट्यासारखं धरून ठेवणारी आडवी फॅशिया असते, तिथे बोटांचे पेर टेकवायचे. माणसाला पाऊल सावकाश वर-खाली करायला सांगायचं, एका फेरीला पाच-सहा सेकंद. पाऊल खाली जाताना हात गुडघ्याच्या दिशेने किंचित सरकतो, वर येताना जागेवर थांबतो. सात-आठ फेऱ्या. नंतर पोटरी, तिथेही तसंच.

चूक कुठे: नडगीच्या धारेवर दाब. तिथे हाडावरचं पातळ आवरण थेट त्वचेखाली असतं, नुसतं दुखतं. हात धारेच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूवर राहायला हवा. दुसरी चूक, माणूस पाऊल वर नेताना बोटं आवळतो. "अंगठा नाही, घोटा हलवा" हे सांगत राहावं लागतं.

बाकावरचं पाठीचं काम: माणूस बाकावर, पावलं पूर्ण टेकलेली, खुबे गुडघ्यांपेक्षा थोडे उंच. हनुवटीपासून सुरू करून एकेक मणका खाली सोडत पुढे वाकायचं. तुम्ही मागे. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मधल्या हाडांपासून दोन-तीन सेंटिमीटर सोडून, पेर टेकवलेले. तो वाकतो त्या वेगाने हात खाली येतात. पूर्ण उतरायला दीड-दोन मिनिटं. या कामात लोक विसरतात ती गोष्ट अशी की माणसाने पावलांनी जमीन दाबून तुमच्या हाताला मागे उत्तर द्यायचं असतं. नाहीतर तुम्ही ढकलता आणि तो पुढे घसरतो. मणक्यांच्या मधल्या हाडांवर कधीच दाब नाही. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला हे अजिबात करायचं नाही, भाराखाली पुढे वाकण्यातच मणका खचण्याचा धोका असतो.

टाच

स्ट्रक्चरल इंटिग्रेशनच्या दहा सत्रांबद्दल कुणी लिहील का? ती दहाच का, आणि क्रम बदलला तर काय बिघडतं?

पाठपुरावा

ही पद्धत आयडा रॉल्फ यांची (१८९६ ते १९७९). त्या जीवरसायनशास्त्राच्या, १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट. शिकवायला सोपं जावं म्हणून त्यांनी दहा सत्रांची रचना केली. दहा या आकड्यात जादू नाही, पण क्रमाला तर्क आहे.

पहिली तीन सत्रं वरच्या थरांची. पहिल्यात बरगड्या, खांद्यांचा पट्टा, खुब्यांभोवतीचा भाग. उद्देश श्वासाला जागा. दुसऱ्यात पावलं आणि पोटऱ्या. तिसऱ्यात दोन्ही कुशी: शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंतचा भाग. चौथ्यापासून सातव्यापर्यंत आतले थर. चौथं मांडीच्या आतल्या बाजूचं, पाचवं पोटाचं आणि सोआस स्नायूचं (कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा खोल स्नायू), सहावं पायांच्या मागच्या बाजूचं आणि त्रिकास्थीचं (कण्याच्या तळाचं तिकोनी हाड), सातवं मान आणि डोक्याचं. आठ ते दहा ही जोडणीची. त्यांत नवीन जागा उघडायची नाही, झालेलं चालण्यात उतरवायचं.

क्रम का पाळायचा? मान पुढे गेली म्हणून कुणी थेट मानेवर काम केलं, तर खाली बरगड्या दबलेल्याच राहतात. डोकं मागे आणलं की नजर वर जाते, म्हणून माणूस पुन्हा मान पुढे घेतो. पाया आधी, छप्पर नंतर. सातव्या सत्राआधी मानेला हात लावायचाच नाही असं मात्र नाही. प्रत्येक सत्र मानेच्या आणि त्रिकास्थीच्या थोड्या कामाने संपवण्याची रीत आहे, नाहीतर माणूस उठला की "डोकं कुठेतरी राहिलंय" असं म्हणतो.

एक सत्र ६० ते ९० मिनिटं. दोन सत्रांत एक ते तीन आठवडे. रोज करून घेणं निरर्थक, कारण शरीराला ते वापरायला वेळ मिळत नाही.

ओळंबा

चौथ्या-पाचव्या सत्राबद्दल जोडतो. मांडीची आतली बाजू, पोट, छाती या जागांना हात लावण्याआधी कुठे, कशाने, किती वेळ हे सांगून स्पष्ट होकार घ्यायचा. "थांबा" म्हटलं की हात तत्काळ पण हळू काढायचा. कपड्यांच्या आत हात जायचं कारण या कामात नाही. जो हे आधी सांगत नाही त्याच्या टेबलावरून उठून यावं.

निवांत

आतापर्यंत सगळी चर्चा दाबाची झाली. अलेक्झांडर तंत्रात दाबच नसतो, म्हणून वेगळं लिहितो.

एफ. एम. अलेक्झांडर (१८६९ ते १९५५), मूळचे टास्मानियाचे, व्यासपीठावर पाठांतरं सादर करायचे. बोलताना ते डोकं मागे ओढत आणि स्वरयंत्र दाबत, आवाज बसायचा तो त्याने. त्यातून तंत्र निघालं. शिकवणाऱ्याचा हात माहिती देतो, ढकलत नाही. एक तळहात मानेच्या मागे, दुसरा पाठीवर किंवा हनुवटीखाली, दाब जवळजवळ नाहीच.

खुर्चीचा धडा असा: माणूस उभा. "बसा" ऐकल्यावर त्याने लगेच बसायचं नाही. बसण्याची जुनी सवय सुरू होऊ द्यायची नाही, हीच मुख्य पायरी. मग मनात: मान मोकळी, डोकं पुढे आणि वर, पाठ लांब आणि रुंद. मग गुडघे पुढे आणि खुबे मागे जाऊ द्यायचे. शिकवणाऱ्याच्या बोटांना मानेच्या मागचे स्नायू आवळलेले कळले की हालचाल थांबवायची, परत सुरुवात. तासाभरात खरं बसणं मोजकंच होतं, आणि शिकणारे वैतागतात. वैताग समजू शकतो, पण तिथेच शिक्षण आहे. "डोकं वर" हे स्नायूने करायला गेलं की मान ताठ होते. ही या तंत्रातली सर्वांत मोठी गफलत.

घरी करण्यासारखं: जमिनीवर उताणं, गुडघे वर, पावलं टेकलेली, डोक्याखाली पुस्तकं, हात पोटावर. १० ते २० मिनिटं. पुस्तकांची उंची साधारण २ ते ८ सेंटिमीटर, माणसागणिक वेगळी. हनुवटी छताकडे गेली तर उंची कमी पडली, गळा दबला तर जास्त झाली. उशी चालत नाही, ती दबते आणि मानेला आधाराची दिशा मिळत नाही. उठताना कुशीवर वळून उठा.

शंकासुर

याला काही पुरावा?

निवांत

जुनाट कंबरदुखीवर आहे. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मोठी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेली) चाचणी आली, ५७९ रुग्ण. वर्षाअखेरीस नेहमीच्या उपचारांच्या गटात चार आठवड्यांतले दुखण्याच्या दिवसांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २१ होता, २४ धडे घेतलेल्यांत ३. सहा धड्यांनीही फरक पडला, पण कमी. मसाजचा परिणाम तीन महिन्यांनी दिसला, वर्षाने बराच ओसरला. एक लक्षात ठेवा: चाचणीने दुखणं आणि अडचण मोजली. पाठ किती सरळ झाली हे नाही.

टाच

म्हणजे ठेवण न बदलताही दुखणं कमी होतं?

पाठपुरावा

होतं. ठेवण आणि दुखणं यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही. वाकड्या उभ्या राहणाऱ्या अनेकांना काहीच दुखत नाही. म्हणून "तुमची श्रोणी फिरलीये, त्यामुळेच दुखतंय" असं ठासून सांगणाऱ्यापासून सावध. अशा वाक्याने माणूस हालचालीला घाबरू लागतो.

हातांनी काय बदलेल आणि काय नाही हे आधी ओळखता येतं. सपाट पावलाच्या माणसाला चवड्यांवर उभं करा. कमान दिसली तर पाऊल लवचिक आहे, कामाला वाव आहे. नाही दिसली तर रचनाच तशी, किंवा पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारा स्नायुबंध कमजोर, तिथे तज्ज्ञाला दाखवा. पोक असलेल्याला पोटावर झोपवून छाती उचलायला लावा: बाक कमी होतो का? होत नसेल तर मणक्यांचा आकारच बदललेला असू शकतो. पुढे वाकल्यावर पाठीच्या एका बाजूला उंचवटा दिसला तर तो कण्याच्या वळणाचा प्रश्न. वाढत्या वयाच्या मुलांत तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

कोपरखळी

हात न लावायच्या जागा आल्याच पाहिजेत.

मानेच्या पुढच्या-बाजूच्या भागात, जिथे नाडी लागते, तिथे खोल दाब नाही. काखेचा खोलगट भाग, जांघेचा त्रिकोण, गुडघ्यामागची खोबण: रक्तवाहिन्या आणि नसा उघड्यावर आहेत. छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि शेवटच्या दोन बरगड्यांची टोकं नाजूक असतात. पोटात बेंबीच्या आसपास ठोके जाणवले तर हात तिथून हलवा.

काम पुढे ढकला किंवा डॉक्टरांना विचारा: रक्त पातळ करणारी औषधं, ताजं फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया, ताप, त्वचेचा संसर्ग, कर्करोगाचे उपचार, गर्भारपण. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखतेय, तर चोळायचं अजिबात नाही, रक्ताची गुठळी असू शकते. सांधे मुळातच अति लवचिक असणाऱ्यांना ताणणारं काम नको, त्यांना ताकद हवी. कंबरदुखीसोबत जांघेच्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायांतली ताकद झपाट्याने कमी होणं असेल तर तातडीने रुग्णालय.

टाच

शेवटचा प्रश्न. सत्रानंतर एक-दोन दिवस अंग दुखलं तर ते चांगलं की वाईट?

कोपरखळी

व्यायामानंतर दुखतं तसं, २४ ते ४८ तासांत ओसरणारं असेल तर चालेल. निळे डाग, झोप मोडणारं दुखणं किंवा मुंग्या म्हणजे दाब जास्त झाला. पुढच्या वेळी सांगा आणि मुंग्या थांबत नसतील तर दाखवा. टेबलावरून उठताना आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर थांबून उभं राहा, काहींना गरगरतं. मग लगेच गाडीत किंवा खुर्चीत जाऊन बसू नका, १५-२० मिनिटं चाला. त्या दिवशी जड वजन उचलणं आणि जोरदार स्ट्रेचिंग टाळा. आणि ओळंबा यांनी वर सांगितलेली एक हालचाल तिसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा. टेबलावरून उतरल्या उतरल्या बहुतेक सगळ्यांनाच फरक जाणवतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशीचं मोजमापच वहीत लिहा.